वारा कोणाच्या बाजूने वाहतो?
युद्धातील योगायोग आणि अल्लाहची मदत

गेल्या महिन्यात एका रात्री जेवणे आटोपल्यावर घरची सगळी मंडळी एकत्र बसली होती. माझ्या भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. बॉम्बहल्ल्यात अख्खा मोहल्ला जमीनदोस्त झालेला आणि त्या ढिगाऱ्यात एकच घर उभे. घरातील माणसे सुखरूप. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिले होते, "पाहा अल्लाहची कुदरत!" आमच्या सगळ्यांच्या तोंडून आपोआप "सुब्हानअल्लाह" निघाले. माझ्या आईने तर डोळ्यांना पदर लावला. नववीत शिकणारी माझी मुलगी मात्र व्हिडिओ पुन्हा मागे नेऊन पाहत राहिली. मग तिने विचारले, "अब्बा, बाजूच्या घरांत कोण राहत होतं? त्यांनीपण दुआ केली असेल ना?"

कोणीच काही बोलले नाही. तिच्या आजीने "असं बोलू नये बेटा" म्हणून विषय थांबवला. पण मुलीने काही वावगे विचारले नव्हते. तिच्या मनात शंका अल्लाहविषयी नव्हती, त्या बाजूच्या घरांतील माणसांविषयी काळजी होती. युद्धात गोळी कानाजवळून निघून जाते, बॉम्ब फुटत नाही, ऐन वेळी वारा फिरतो किंवा ढग येतात. याला योगायोग म्हणावे की अल्लाहची मदत? आणि मदत म्हणायची, तर जे वाचले नाहीत त्यांच्याविषयी आपण काय बोलत असतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवत आहे.

आपल्या दृष्टीने 'योगायोग' म्हणजे काय?

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करायला हवी. झाडाचे पानदेखील अल्लाहच्या इल्मबाहेर गळत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. म्हणून 'हे योगायोगाने झाले की अल्लाहने केले' असा प्रश्न मोमिनासाठी उरतच नाही. थोर इतिहासकार इब्ने खल्दून (१३३२–१४०६) यांनी आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात युद्धांवर एक प्रकरण लिहिले आहे. सैन्य मोठे, शस्त्रे उत्तम, तरी विजयाची खात्री नसते, असे त्यांचे म्हणणे. विजयाची काही कारणे उघड असतात आणि काही लपलेली. लपलेल्या कारणांतून जे घडते त्यालाच लोक नशीब म्हणतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

म्हणजे सगळेच अल्लाहच्या हुकमाने घडते. जे घर वाचले तेही आणि जे पडले तेही. खरा प्रश्न पुढचा आहे. त्या घटनेचा अर्थ काय? ती बक्षीस होती, परीक्षा होती, की आणखी काही? हे कोणी सांगायचे?

खंदकची ती रात्र

हिजरी सन ५, म्हणजे इसवी सन ६२७. कुरैश आणि त्यांचे मित्र कबीले मिळून सुमारे दहा हजारांचे सैन्य मदीनेवर चालून आले. मुसलमान तीन हजारांच्या आसपास. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी इराणी पद्धतीने खंदक खोदण्याचा सल्ला दिला. मदीनेच्या इतर बाजूंना खजुरीच्या दाट बागा आणि ज्वालामुखीच्या खडकांचा ओबडधोबड मुलूख होता. उत्तरेची बाजू मात्र उघडी होती. तेथे थंडीत, उपाशीपोटी खोदकाम सुरू झाले. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः माती वाहत होते. भुकेमुळे पोटाला दगड बांधल्याच्या रिवायती याच दिवसांतल्या.

वेढा जवळजवळ महिनाभर चालला. मग एका रात्री थंडगार, जोराचा वारा सुटला. शत्रूच्या छावणीत चुलीवरची भांडी उलटली, आगी विझल्या, तंबू उखडले. प्रेषितांनी (स.) विचारले, शत्रूची खबर कोण आणील? थंडी इतकी की कोणी उठेना. शेवटी त्यांनी हजरत हुजैफा (रजि.) यांना नाव घेऊन पाठवले. हजरत हुजैफा पुढे सांगत की, जाताना आपण हमामात चालत असल्यासारखी ऊब वाटत होती. अंधारात ते शत्रूच्या छावणीत जाऊन बसले आणि अबू सुफयानने परतीचा हुकूम देताना त्यांनी स्वतः ऐकले. सकाळी मैदान रिकामे होते.

ही अल्लाहची मदत होती का? होय, आणि हे आपण पूर्ण खात्रीने म्हणू शकतो. कारण सूरह अहजाबमध्ये अल्लाहने स्वतः या वाऱ्याचा आणि न दिसणाऱ्या सैन्याचा उल्लेख करून आपल्या उपकाराची आठवण दिली आहे. बद्रच्या आदल्या रात्री पडलेल्या पावसाचेही तसेच. सूरह अन्फालमध्ये त्याचा उल्लेख आहे. आपली खात्री त्या वाऱ्याच्या जोरावर किंवा पावसाच्या वेळेवर उभी नाही. ती वहीवर उभी आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वारा आला तो खंदक खोदून झाल्यावर आणि महिनाभर पहारा दिल्यावर. खंदक नसता, तर वारा सुटण्याआधीच मदीनेत काय झाले असते?

उहुदमध्ये वारा का आला नाही?

खंदकच्या दोन वर्षे आधी उहुदची लढाई झाली. तेच प्रेषित (स.), तेच सहाबा, तोच शत्रू. टेकडीवर पन्नास तिरंदाज बसवले होते आणि काहीही झाले तरी जागा सोडू नका, असे त्यांना बजावले होते. विजय दिसू लागताच त्यांतील बहुतेक जण गनिमतीचा माल गोळा करायला खाली उतरले. खालिद बिन वलीद, जे तेव्हा कुरैशकडून लढत होते, त्यांनी ती मोकळी जागा हेरून मागून हल्ला केला. हजरत हमजा (रजि.) यांच्यासह सत्तर सहाबी शहीद झाले. खुद्द प्रेषितांचा (स.) दात तुटला, चेहरा रक्ताने माखला.

त्या दिवशी पाऊस पडला नाही, वारा सुटला नाही. म्हणून अल्लाह मुसलमानांच्या बाजूने नव्हता, असे कोणी म्हणेल का? कुरआनने या पराभवावर सविस्तर बोलताना दोन गोष्टी शिकवल्या. एक, चूक झाली असेल तर ती कबूल करा. दुसरी, जय-पराजयाचे हे दिवस लोकांमध्ये आलटून-पालटून फिरवले जातात. उहुदचे शहीद बद्रच्या विजेत्यांपेक्षा अल्लाहला कमी प्रिय होते, असा विचारही कोणा मुसलमानाच्या मनात येत नाही. मग आजच्या युद्धात जो वाचला तो लाडका आणि जो दगावला तो नावडता, असा हिशेब आपण कशाच्या आधारावर मांडतो?

एका सहाबींचा प्रश्न

बद्रच्या मैदानात लष्कराचा मुक्काम पडला तेव्हा हजरत हुबाब बिन मुंजिर (रजि.) यांनी प्रेषितांना (स.) अदबीने विचारले की, ही जागा अल्लाहच्या हुकमाने निवडली आहे, की हे आपले मत आणि युद्धाचे डावपेच आहेत? मत आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पाण्याच्या विहिरींजवळ पुढे सरकण्याचा सल्ला दिला आणि प्रेषितांनी (स.) तो मान्य केला. सीरतच्या ग्रंथांत ही घटना येते.

समोर अल्लाहचे रसूल (स.) आहेत, तरी एक सहाबी विचारतो की, ही वही आहे की मत? हा फरक करण्याची सवय त्या पिढीला होती. आपल्याजवळ आता नवी वही येणार नाही. मग मोबाईलवर आलेल्या प्रत्येक दृश्याला आपण 'हा अल्लाहचा इशारा आहे' असे इतक्या सहजपणे कसे म्हणतो?

ग्रहणाचा दिवस

या विषयावरचा सर्वांत मोठा धडा मात्र युद्धभूमीवरचा नाही. तो मदीनेतील एका घरातल्या दुःखाचा आहे. प्रेषितांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम वारला. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. दिवसा अंधारून आले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्यही काळवंडला.

विचार करा, याहून मोठा 'योगायोग' कोणता? एखाद्या खोट्या दावेदाराने ही संधी कधीच सोडली नसती. प्रेषितांनी (स.) काही न बोलता गप्प राहिले असते तरी लोकांची श्रद्धा वाढलीच असती. पण ते उठले, लोकांना नमाज पढवली आणि स्पष्ट सांगितले की, सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत. कोणाच्या मरण्याने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. ग्रहण पाहिले तर अल्लाहचे स्मरण करा, नमाज पढा. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

इथे दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. ग्रहण ही अल्लाहची निशाणी आहेच. पण ती आपल्या घरासाठी, आपल्या दुःखासाठी किंवा आपल्या मोठेपणासाठी मांडलेली साक्ष नाही. पोटच्या मुलाला मूठमाती देऊन आलेला बाप इतक्या स्वच्छपणे हे सांगतो, तेव्हा आपणही थोडे थांबायला हवे.

बगदाद आणि ऐन जालूत

आता वहीनंतरच्या काळातील एक उदाहरण घेऊ. १२५८ मध्ये हलाकूच्या मंगोल फौजांनी बगदाद घेतले. खलिफा मारला गेला, शहर लुटले गेले, असंख्य माणसे कत्तल झाली. दोनच वर्षांत हलब आणि दमिश्कही पडले. पुढचा क्रमांक मिसरचा होता. तेवढ्यात बातमी आली की, दूर चीनच्या मोहिमेवर असलेला मंगोलांचा सर्वोच्च खान, हलाकूचा भाऊ मंगू, १२५९ मध्येच मरण पावला आहे. हलाकू बहुतेक सैन्य घेऊन मागे फिरला. शाममधील गवत-पाणी एवढ्या घोड्यांना पुरत नव्हते, हेही एक कारण इतिहासकार देतात. मागे राहिलेल्या लहान फौजेला सुलतान कुतुज आणि सरदार बैबर्स यांनी सप्टेंबर १२६० मध्ये, रमजानच्या महिन्यात, ऐन जालूत येथे हरवले.

मंगूचा मृत्यू ही मिसरवर झालेली अल्लाहची मेहेरबानी होती, असे म्हणावेसे वाटते. त्यासाठी शुक्र करण्यात काहीच गैर नाही. पण बगदादच्या मशिदींतूनही दुआ झाल्याच असतील. तो खान दोन वर्षे आधी मेला असता तर? आणि ज्या कुतुजच्या हातून हा विजय झाला, तो कैरोला परतण्यापूर्वीच आपल्याच सरदारांच्या कटात मारला गेला. विजय म्हणजे सर्व काही ठीक असल्याचा दाखला नव्हे, हे इतिहास त्याच वर्षात दाखवून देतो.

आपल्या मुलखाची जखम

महाराष्ट्रात पानिपत माहीत नाही असा माणूस नसेल. १४ जानेवारी १७६१. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. ते पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. रिकामी अंबारी पाहून भाऊही पडले असे सैन्याला वाटले आणि धीर सुटला, असे सांगतात. एका गोळीने लढाई फिरवली, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे.

आता पाहा, अहमदशाह अब्दालीच्या गोटात मुसलमान होते आणि मराठ्यांच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी हा मुसलमानच होता. तो शेवटपर्यंत आपल्या जागेवर लढला, पकडला गेला आणि मारला गेला. त्या गोळीला अल्लाहचा इशारा म्हणायचे, तर इमानदारीने उभा राहिलेल्या इब्राहिमखानाविषयी काय म्हणणार? शिवाय त्या गोळीआधी दोन महिने मराठ्यांची रसद तुटली होती. माणसे आणि जनावरे उपाशी होती. गोळीकडे पाहताना भुकेचा आणि चुकलेल्या नियोजनाचा हिशेब आपण विसरतो.

दैवी वारा आणि ऑगस्टचे ढग

आपल्या विजयावर वरच्याची मोहोर उमटवण्याचा मोह कोणत्याही एका धर्माचा नाही. याचे सर्वांत बोलके उदाहरण जपान. १२७४ आणि १२८१ मध्ये मंगोलांची आरमारे जपानवर चालून गेली आणि दोन्ही वेळा वादळाने त्यांची वाताहत केली. जपानी लोकांनी त्या वाऱ्याला 'कामिकाझे', म्हणजे दैवी वारा, असे नाव दिले. आमच्या प्रार्थनेमुळे वादळ आले, असे सांगून देवळांनी सरकारकडे बक्षिसे मागितली. पहिल्या स्वारीनंतर हाकाता उपसागराच्या काठी बांधलेली दगडी भिंत आणि तिच्यामागे लढलेले शिपाई यांच्यामुळेच दुसऱ्या वेळी शत्रूला किनाऱ्यावर पाय रोवता आले नाहीत आणि त्याची जहाजे वादळापर्यंत समुद्रात अडकून राहिली. ही बाब मात्र 'दैवी वारा' या शब्दामागे झाकली गेली.

साडेसहाशे वर्षांनंतर तेच नाव पुन्हा वर आले. १९४४ च्या ऑक्टोबरपासून तरुण जपानी वैमानिकांना बॉम्ब लादलेल्या विमानांसह शत्रूच्या जहाजांवर आदळण्यासाठी पाठवण्यात आले. त्या मोहिमेला 'कामिकाझे' हेच नाव मिळाले. हजारो तरुण गेले. यावेळी वादळ आले नाही.

आणि मग ९ ऑगस्ट १९४५. दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या अमेरिकी विमानाचे लक्ष्य नागासाकी नव्हते. ते होते कोकुरा. डोळ्यांना लक्ष्य दिसल्याशिवाय बॉम्ब टाकू नये, असा हुकूम होता. कोकुरावर धूर आणि धुके दाटले होते. विमानाने तीन वेळा प्रयत्न केला, लक्ष्य दिसेना. इंधन कमी होत चालले, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. तिथेही ढग होते. शेवटच्या क्षणी ढगांत फट पडली आणि ११ वाजून २ मिनिटांनी बॉम्ब फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे सत्तर हजार माणसे मेली. ज्या उराकामी भागावर तो फुटला, ती ख्रिस्ती लोकांची जुनी वस्ती होती आणि त्यांचे मोठे चर्चही त्यात कोसळले.

कोकुराच्या आयांना त्या दिवशी ढगांचा पत्ताही नव्हता. मुले शाळेतून, कामावरून घरी आली. नागासाकीच्या आयांची आली नाहीत. कोकुरातील एखाद्या माणसाने 'देवाने ढग पाठवून आम्हाला वाचवले' असे म्हटले, तर नागासाकीच्या आईला ते कसे ऐकू येईल? माझ्या मुलीच्या प्रश्नाचे टोक हेच होते.

मग आपण काय म्हणावे?

सूरह कहफमध्ये गरीब नावाड्यांच्या नावेला भोक पाडल्याचा किस्सा आपण दर जुम्म्याला वाचतो. त्या नावाड्यांना फक्त नुकसान दिसले. त्यामागची हिकमत हजरत मूसा (अलै.) यांनाही सांगितल्याशिवाय कळली नाही. मग आपल्याला कळली, असा दावा आपण कोणत्या तोंडाने करावा? त्यामुळे मला काही गोष्टी पाळाव्याशा वाटतात.

आपण स्वतः संकटातून वाचलो तर मनापासून अल्हम्दुलिल्लाह म्हणावे, शुक्राचा सजदा करावा, सदका द्यावा. 'अल्लाहने मला वाचवले' हे म्हणणे खरेच आहे. पण त्याचा अर्थ 'मी त्या लायक होतो' असा काढू नये. वाचलेले आयुष्य ही जबाबदारी आहे, प्रमाणपत्र नव्हे.

दुसऱ्याच्या दारात मयत पडली असेल तर आपल्या सुटकेची कहाणी तिथे सांगू नये. तिथे इन्ना लिल्लाह म्हणावे, खांदा द्यावा, जेवण पोहोचवावे. त्यांच्यावर संकट का आले याची कारणे शोधू नयेत.

शत्रूवर वादळ, भूकंप किंवा अपघात कोसळला म्हणून टाळ्या पिटू नयेत. त्या वादळात मुलेही असतात.

आणि चमत्काराचा व्हिडिओ पुढे पाठवण्यापूर्वी तो खरा आहे का, हे पाहावे. बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. तो चमत्काराच्या बातमीलाही लागू होतो. खोट्या चित्राने ईमान मजबूत होत नाही. ते खोटे ठरले की उलट आपल्याच मुलांचा विश्वास ढळतो.

त्या रात्री मुलीला मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. दोन दिवसांनी फजरनंतर तिला जवळ बसवून म्हटले, "बेटा, ते घर अल्लाहने वाचवलं, हे खरं. बाजूच्या घरातली माणसंही अल्लाहचीच होती, हेही खरं. एकाला का ठेवलं आणि दुसऱ्याला का नेलं, हे त्याने मला सांगितलेलं नाही. जे त्याने सांगितलं नाही, ते मी त्याच्या नावावर कसं सांगू?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग त्या बाजूच्या घरांतल्यांसाठी दुआ करायची का?"

आम्ही दोघांनी हात उचलले. आजीही तस्बीह बाजूला ठेवून आमच्याजवळ येऊन बसली.